दोन ओंजळी मोरचूद

तातेराव आणि मी एका वर्गात होतो. हे आधीच सांगतो, म्हणजे पुढे मी त्याची बाजू जरा जास्त घेतोय असं वाटलं तर त्याचं कारण कळेल. वडीगोद्रीत हायवेला लागून माझं खत-औषधांचं दुकान आहे. तिथून पाच मिनिटांवर त्याची लाकूड चिरायची आरामशीन. दिवसभर तिची घरघर माझ्या दुकानात ऐकू येते, आणि ती थांबली की जेवायची वेळ झाली हे मला न बघता कळतं.

त्याच्या घरची मोसंबीची बाग होती. थोरल्या भावाने ती सांभाळली आणि तातेराव दहावीनंतर जालन्याला किशनलाल शेठच्या लाकडाच्या वखारीत कामाला लागला. बारा वर्षं तिथे काढून गावात परत आला आणि स्वतःची मशीन टाकली. सागवानाच्या भानगडीत तो पडला नाही. आंबा, नीलगिरी, सुबाभूळ असलं साधं लाकूड चिरायचं आणि त्याचे पॅलेट ठोकायचे. गोदामात पोत्यांच्या थप्पीखाली फळ्यांच्या चौकटी ठेवतात ना, ते पॅलेट. जालन्याच्या एमआयडीसीत बियाण्यांचे प्लांट भरपूर, त्यामुळे त्याला काम कधी कमी पडलं नाही.

माणूस कष्टाळू, तोंडाने तिखट आणि मनाने भित्रा. एका खिळ्याचं काम असेल तिथे तो दोन मारणार. दाराला कुलूप लावून वर साखळी घालणार. ताप आला तर डॉक्टरची गोळी घेणार आणि कपाळाला अंगाराही लावणार. त्याची बायको सोनूबाई म्हणायची, "ह्यांचा एका गोष्टीवर भरवसाच बसत न्हाई." आम्ही हसायचो. हसण्यासारखीच गोष्ट वाटायची ती तेव्हा.

पावसाळ्यात ओल्या लाकडाला बुरशी धरते. चिरल्यापासून चार-पाच दिवसांत फळीवर काळे-निळे डाग उमटतात, मग पांढरी-हिरवी लव येते, आणि तसंच राहिलं तर पुढे लाकूड आतून कुजतं. ते होऊ नये म्हणून मशीनच्या मागे एक सिमेंटचा हौद होता. त्यात तपकिरी रंगाचं, डोळ्यांत पाणी आणणारं औषध कालवलेलं असायचं. चिरलेली प्रत्येक फळी त्यात बुडवून काढायची. हे काम रामकिसनचं. रामकिसन त्याचा पहिल्या दिवसापासूनचा माणूस. हातमोजे दिलेले होते, पण ओली फळी मोज्यातून निसटते म्हणून तो ते घालायचा नाही. त्याच्या तळहातांची कातडी उन्हात तडकलेल्या काळ्या रानासारखी झाली होती. भाकरी मोडताना तो बोटांऐवजी मनगटाने दाबायचा, हे मी पाहिलेलं आहे.

तेच तृप्तीने पाहिलं.

तृप्ती ही तातेरावची एकुलती एक पोरगी. जालन्याच्या एका कॉलेजात सूक्ष्मजीवशास्त्रात एम.एस्सी. करत होती. रोज सकाळच्या एसटीने जायची, संध्याकाळी यायची. उतरली की आधी माझ्या दुकानात डोकावून "काका, पाणी" म्हणायची आणि माठातला पेला भरून घ्यायची. एकदा पाणी पिता पिता म्हणाली, "काका, तुम्ही हरभऱ्याच्या मर रोगाला जिवाणूंची बाटली विकता ना? मुळाला लावली की बुरशी येत न्हाई, ती?"

"विकतो की."

"मंग लाकडाला लावली तर?"

मी म्हणालो, लाकूड मेलेलं असतं, त्याला काय लावायचं? ती म्हणाली, "बुरशीला ते मेलेलंच लागतं, काका. पण तिच्या आधी दुसरं कोणी तिथं घर करून बसलं तर?"

एवढ्यावर तिने कामाला सुरुवात केली. आधी माझ्या दुकानातली बाटली नेली, तिचा गुण यथातथाच आला. मग तिने बापाच्या आवारातल्या फळ्यांची, सालींची, भुशाची खरवड काढली. प्रत्येक ठिकाणची चिमूटभर खरवड वेगळ्या पुडीत, वर पेनने नाव. पुड्या कॉलेजात नेऊन काचेच्या बशांमध्ये पेरायची. पाचेक महिन्यांनी एकदा ती बशीचा फोटो मोबाइलवर घेऊन पळत आली. बशीभर करडी बुरशी पसरली होती, मधे एक मळकट पांढरा, सुरकुतलेला ठिपका, आणि त्या ठिपक्याच्या भोवती चारही बाजूंनी स्वच्छ मोकळी जागा.

"बघा काका, इथवर येऊन थांबली. पुढं पाऊल टाकता येईना तिला."

सुबाभळीच्या एका सालीवर हा जिवाणू सापडला होता. तिच्या मार्गदर्शक मोनाली मॅडम. त्यांनी सांगितलं, बशीत जमलं म्हणजे फळीवर जमेलच असं नाही, करून बघ. मग तृप्तीने घरच्या मोरीत बादली मांडली. गुळाचं पाणी आणि सोयाबीनचं पीठ उकळून गार करायचं, त्यात तो जिवाणू सोडायचा आणि माशांच्या टाकीत हवा सोडायला असतो तसला पंप लावून दोन दिवस हवा द्यायची. सोनूबाई नाक दाबून म्हणायची, "घराची पार ताकाची डेरी केली हिनं." त्या आंबूस पाण्यात तृप्तीने वीस फळ्या बुडवल्या, वीस नुसत्या साध्या पाण्यात. सगळ्यांवर ओली पोती टाकून दोन दिवस झाकल्या, मग मधे पट्ट्या घालून सावलीत रचल्या. आषाढ होता. तीन आठवड्यांत साध्या पाण्यातल्या फळ्या काळ्या पडल्या. तिच्या वीसपैकी अठरा चिरल्या दिवसासारख्या पिवळ्या राहिल्या.

तातेरावने त्या अठरा फळ्या येईल त्याला दाखवल्या. मला तर तीनदा. "आपल्या आवारातलाच किडा हाय, वसंता. इतकी वर्षं पायाखाली व्हता, कोणाला दिसला न्हाई. पोरीला दिसला." मला आठवतंय, तो 'किडा' म्हणाला की तृप्ती 'जिवाणू' म्हणायची, आणि तो पुन्हा किडाच म्हणायचा.

पुढच्या वर्षी, म्हणजे दोन हजार बावीसच्या पावसाळ्यात, खरी संधी आली. एमआयडीसीतल्या एका बियाणे प्लांटचं काम श्रेयांस नावाचा तरुण बघायचा. कुटुंब मूळचं राजस्थानातलं, पण तीन पिढ्या जालन्यात. तो तातेरावला म्हणाला, "काका, तुमच्या पॅलेटचा वास बियाण्याच्या पोत्यांना लागतो. हमाल म्हणतात डोळे चुरचुरतात. बिनऔषधाचा माल देता येईल का? आणि बुरशीही नको." तातेरावने लगेच तृप्तीचं नाव घेतलं. श्रेयांस स्वतः येऊन फळ्या बघून गेला. तीनशे पॅलेटचं काम ठरलं. माल टिकला तर वर्षभर तुमच्याकडूनच, असंही तो म्हणाला.

तृप्तीला त्यात दुसरंच काही दिसत होतं. एवढ्या मोठ्या प्रमाणावर जमलं तर तोच विषय घेऊन तिला पीएच.डी. करायची होती. मोनाली मॅडम तयार होत्या. प्रवेश परीक्षा संभाजीनगरला होती, आणि नेमकी त्याच आठवड्यात लाकूड चिरून तयार होणार होतं. तिने दोन मोठ्या निळ्या ड्रममध्ये आंबवण तयार केलं, नमुना कॉलेजात तपासून घेतला, आणि तीन दिवसांसाठी तिथल्या मावशीकडे जाताना बापाला आणि रामकिसनला उभं करून सगळं सांगितलं. फळी चिरली की त्याच दिवशी बुडवायची. पाच मिनिटं ठेवायची. ओली पोती काढायची नाहीत. "आणि अण्णा, ह्याच्यात दुसरं काहीसुद्धा पडू द्यायचं न्हाई. हौदातला मगसुद्धा बुडवायचा न्हाई."

"बिलकुल न्हाई," तातेराव म्हणाला.

ती दुपारच्या बसने गेली. दुसऱ्या दिवशी सकाळपासून पाऊस लागला. बारीक, चिवट, न थांबणारा. दहाच्या सुमारास तातेराव माझ्या दुकानात आला. डोक्यावर खताची रिकामी गोणी पांघरलेली. म्हणाला, "मोरचूद दे."

मी दिलं. मोसंबीच्या खोडांना मोरचूद आणि चुन्याचा लेप लावतात, त्याच्या भावाच्या बागेला लागत असेल असं मला वाटलं. मी विचारलं नाही. विचारायला हवं होतं का, हे मी पुढे स्वतःला अनेकदा विचारलं आहे.

नंतर त्याने मला सांगितलं ते असं. त्या पावसात तो शेडमध्ये उभा होता. तीनशे पॅलेटच्या फळ्या समोर. एवढी ओल, आणि ड्रममध्ये काय, तर गुळाचं आंबलेलं पाणी. आतापर्यंत वीस फळ्यांची गोष्ट होती, गेल्या तर गेल्या. आता हजारो. त्याला त्याच्या बापाची आठवण झाली. बाप दर वर्षी खोडांना निळा लेप लावायचा, आणि त्यांच्या बागेत डिंक्या रोग कधी शिरला नाही. मोरचूद बुरशीला मारतं, हे त्याने लहानपणापासून डोळ्यांनी पाहिलेलं. पोरीचा किडाही मारतो. मग दोन्ही एकत्र असले तर काय वाईट? त्याने प्रत्येक ड्रममध्ये दोन ओंजळी मोरचूद टाकलं आणि बांबूने ढवळलं.

रामकिसन तिथेच होता. म्हणाला, "मालक, ताई नको म्हणाल्या व्हत्या."

"तू फळ्या बुडव."

"पाण्याचा रंग बदलून राह्यला. हिरवट दिसतंय."

"रामकिसन, बुडव म्हणलं ना."

रामकिसनने बुडवल्या. तृप्ती परत आली तेव्हा ड्रम धुऊन पालथे घातलेले होते आणि फळ्या पोत्यांखाली होत्या. तिने विचारलं, "सगळं बराबर झालं ना?" तो म्हणाला, "बराबर." दोन ओंजळी मोरचूद म्हणजे तिच्या कामात ढवळाढवळ झाली, असं त्याला तेव्हा वाटलंच नव्हतं. उलट आपण पोरीला मदत केली, असंच त्याच्या मनात होतं. हे त्याने मला शपथेवर सांगितलं आणि माझा त्यावर विश्वास आहे.

पॅलेट गेले. श्रावणाच्या तिसऱ्या आठवड्यात श्रेयांसचा फोन आला, येऊन बघून जा. तातेराव आणि तृप्ती टेम्पोतून गेले. गाडीत जागा होती म्हणून मीही गेलो, मला जालन्यात माल उचलायचा होता. गोदामात शिरल्या शिरल्याच वास आला. पॅलेटच्या फळ्यांवर शेवाळासारखी हिरवी-काळी लव, काही ठिकाणी कापसासारखी जाड. वरची काही पोती उचलून बाजूला ठेवली होती, त्यांच्या बुडाला ओले गोल डाग. तृप्ती खाली बसली. बोटाने लव पुसून बघत राहिली. एक फळी, दुसरी, मग थप्पीच्या मागे जाऊन तिसरी. तिने कोणाकडे बघितलं नाही.

श्रेयांस आवाज चढवून बोलला नाही. सरळ विचारलं, "ताई, तुमच्या पहिल्या फळ्या मी स्वतः बघितल्या होत्या. मग ह्या वेळी काय बदललं? करताना कुणी काही वेगळं केलं का?"

तृप्तीने बापाकडे बघितलं. मला तो क्षण लख्ख आठवतो, कारण मलाही त्याच वेळी दुकानातलं ते सकाळचं मोरचूद आठवलं होतं आणि मी मनातल्या मनात म्हणत होतो, नसेल, तसं नसेल.

तातेराव म्हणाला, "न्हाई. पोरीनं सांगितलं तसंच केलं सगळं."

बस, एवढंच तो बोलला. आणि मीही गप्प बसलो.

माल परत आला. श्रेयांसने दुसरीकडून प्लास्टिकचे पॅलेट घेतले. तृप्तीने सडलेल्या फळ्यांवरून खरवड काढून पुन्हा बशा लावल्या. त्यात तिचा जिवाणू एकाही बशीत उगवला नाही. सहा महिने ती शोधत राहिली, की तो गेला कुठे. ओल जास्त झाली का, नीलगिरीच्या चिकाने मेला का, ड्रममध्ये हवा कमी पडली का. वही भरली. बाप रोज समोर. जेवताना ती आईला सांगायची, आज हे करून बघितलं, आज ते. तातेराव ताटात बघून जेवायचा. त्याला ते एव्हाना कळलं होतं. कारण तृप्तीनेच एकदा बोलता बोलता सांगितलं होतं, तांब्याचं कुठलंही औषध लागलं तर हे जिवाणू जगत नाहीत, बरं झालं आपण पितळी भांडं वापरलं नाही. मोरचूद म्हणजे तांबंच. त्यातही दोनशे लिटरला दोन ओंजळी, म्हणजे जिवाणू मारायला पुरेसं आणि असल्या हट्टी बुरशीला रोखायला अपुरं.

मी त्याला एकदा आडून विचारलं. "तात्या, ते मोरचूद कशाला नेलं व्हतं रे?"

तो म्हणाला, "बागेला." आणि निघून गेला. मी ते सोडून दिलं. दुकानदाराने गिऱ्हाइकाच्या घरात शिरू नये, असं मी स्वतःला समजावलं. खरं तर मला मैत्री मोडायची नव्हती.

तृप्तीने शेवटी अहवाल लिहिला. प्रयोगशाळेत गुण दिसला, प्रत्यक्ष कामात टिकला नाही. मोनाली मॅडमनी समजूत घातली की असं पुष्कळदा होतं. पण ती परीक्षा पास होऊनही पीएच.डी.ला गेली नाही. म्हणाली, जे माझ्या हाताने उभं राहिलं नाही त्यावर चार वर्षं कशी घालवू? पुण्याजवळच्या एका दुधाच्या कंपनीत नोकरी लागली. रोज दुधाचे नमुने तपासायचे, आणि त्यात काही वाढलं नाही अशी नोंद करायची. जाताना माझ्या पाया पडून गेली. पाणी प्यायली नाही, बस लागली होती.

तातेराव हौदाकडे वळला. तेच तपकिरी औषध, तोच रामकिसन. पण रामकिसन बदलला होता. मालकाशी कामापुरतं बोलायचा. वर्षभराने त्याच्या हाताच्या भेगांतून पाणी यायला लागलं तेव्हा त्याने काम सोडलं. सोडताना तातेरावला म्हणाला, "ताईंचं ते पाणी मला सोसत व्हतं, मालक. हाताला थंड लागायचं." 

दोन वर्षं गेली. दोन हजार चोवीसच्या दिवाळीला तृप्ती आली होती. भाऊबीजेच्या सकाळी आम्ही तातेरावच्या ओट्यावर फराळाला बसलो होतो. त्याचा पुतण्या अंगद बाग बघतो, तो आला. मोसंबीच्या मुळ्या कुजताहेत, म्हणाला. "तृप्तीताई, तू शिकलेली हायस. जिवाणूवालं कोणतं सोडू बागेला? किती सोडू?"

तृप्ती हातातला चकलीचा तुकडा वाटीत ठेवून म्हणाली, "मला नको विचारू, अंगद. कृषी विज्ञान केंद्रातल्या साहेबांना विचार."

"अगं पण तुला तर सगळं…"

"माझ्यावर विसंबू नको. माझ्या हातून एकदा फसलंय. श्रेयांसभाऊंचा केवढा माल खराब झाला. बशीत दिसतं ते खरं धरायची सवय लागली व्हती मला." ती हसली. "आता मी फक्त दूध नासलं का न्हाई तेवढं सांगू शकते."

ती अगदी सहज बोलली. त्यात राग नव्हता, रडणं नव्हतं. आपली उंची किंवा रंग सांगावा तसं तिने स्वतःबद्दल सांगितलं. मी तातेरावकडे बघितलं. तो उठला आणि मोरीकडे गेला. बराच वेळ नळ चालू राहिला.

अंगद गेल्यावर तो बाहेर आला. तोंड धुतलेलं, मिशीतून पाणी गळत होतं. मी उठायला लागलो तर म्हणाला, "बस वसंता. तू बी हवा हाईस."

मग उभ्यानेच बोलला. "तृप्ती, ते तुझ्या हातून फसलं न्हाई. म्या ड्रमात मोरचूद टाकलं व्हतं."

सोनूबाई आतून परात घेऊन येत होती, ती दारातच थांबली.

तृप्तीला आधी कळलंच नाही. "कोणत्या ड्रमात?"

"तू परीक्षेला गेल्तीस तव्हा. लई पाऊस व्हता. मला भ्या वाटलं."

"दोन्ही?"

"दोन्ही."

"किती टाकलं?"

"दोन-दोन ओंजळी."

तिचे ओठ हलत होते. ती हिशेब करत होती, दोनशे लिटर पाणी, ओंजळीत किती मावतं. मला वाटलं आता ती ओरडेल. ती म्हणाली, "मग तो पहिल्या तासातच मेला असणार." अगदी हळू. जशी कोणाच्या तरी मरणाची नेमकी वेळ तिला इतक्या दिवसांनी कळली होती.

"मी सहा महिने बशा लावल्या, अण्णा. तुम्ही रोज समोर बसून जेवत व्हतात."

"व्हय."

"गोदामात मी तुमच्याकडं बघितलं व्हतं."

"व्हय."

"तव्हा सांगितलं असतं तर मी नवीन ड्रम लावला असता. आठ दिवसांचं काम व्हतं. आठ दिवसांचं."

 मी म्हणालो, "पोरी, मोरचूद माझ्या दुकानातलं व्हतं. मला शंका आल्ती. मी बी बोललो न्हाई." तिने माझ्याकडे बघितलं आणि मान हलवली. त्या मानेने ती 'असू द्या' म्हणाली की 'तुम्हीसुद्धा' म्हणाली, ते मला आजवर ठरवता आलेलं नाही.

सोनूबाई परात खाली ठेवून नवऱ्याला म्हणाली, "हौदाचं इख परवडलं. तुम्ही पोरीला तिच्याच नजरेत खोटं पाडलं." तृप्ती त्याच दुपारी पुण्याला गेली. भाऊबीजेला अंगदला ओवाळणंही राहिलं.

त्यानंतर दोन महिने ती फक्त आईशी फोनवर बोलायची. तातेराव मात्र तेव्हापासून एकेक दार वाजवत सुटला. आधी श्रेयांसकडे गेला. त्याच गोदामात उभा राहून सगळं सांगितलं. श्रेयांसने ऐकून घेतलं. म्हणाला, "काका, मला तेव्हाच पटलं नव्हतं. पण ताई काही बोलल्या नाहीत, मग मी कशाला बोलू? आता आमचं सगळं प्लास्टिकवर गेलं." चहा पाजला आणि दारापर्यंत सोडायला आला.

मग तो कॉलेजात गेला. आयुष्यात पहिल्यांदा. मोनाली मॅडमना म्हणाला, अहवालात चूक आहे, ती माझ्यामुळे झाली, कुठे सही करू? मॅडमनी त्याच्याकडून सगळं लिहून घेतलं. मग त्याने विचारलं, तो जिवाणू तुमच्याकडे ठेवला असेल ना? मॅडमनी कपाट उघडून दाखवलं. काम बंद झालं, तशा जिवाणू जपून ठेवलेल्या जुन्या नळ्या मागच्या उन्हाळ्यात वाफेच्या भांड्यात घालून नष्ट केल्या होत्या. दर वर्षी करतात, जागा लागते. तृप्तीने तिची नळी मागून घेतली नव्हती. कशाला घेईल?

तातेराव परत आला आणि मशीन बंद ठेवून चार दिवस आवारात खरवड काढत बसला. पुड्यांवर नावं माझ्याकडून लिहून घेतली, कारण त्याचं अक्षर त्यालाच लागत नाही. सुबाभळीची साल, आंब्याचा भुसा, शेडच्या कोपऱ्यातली फळी. अशा एकेचाळीस पुड्या. मॅडमनी त्या एका विद्यार्थिनीला, शीतलला, दिल्या. तिला काही जिवाणू सापडले, दोन तर बरे आहेत, बुरशीला थोडं थोपवतात. पण तशी मोकळी जागा करणारा त्यात कोणी नाही. ती सुबाभूळ ज्या बांधावरून आली होती तो बांध आता रस्त्यात गेला आहे. मॅडम म्हणाल्या, सापडेलही, नाहीही सापडणार.

तो रामकिसनकडेही गेला होता. रामकिसन आता रसवंतीवर बसतो, हात पुष्कळ बरे आहेत. त्याने खाटेवर बसवलं, रस दिला. तातेराव म्हणाला, हौद मी बुजवून टाकला, परत ये. रामकिसन म्हणाला, "बुजवला ते चांगलं केलं, मालक." यायचं की नाही याबद्दल बोलला नाही, आणि आला नाही.

आता तातेराव पावसाळ्यात ओलं लाकूड चिरतच नाही. उन्हाळ्यात चिरतो, पट्ट्या घालून वाळवतो, काम निम्म्यावर आलं आहे. शीतल महिन्यातून एकदा तिच्या बाटल्या घेऊन येते. तो तिला शेडचा एक कोपरा देऊन स्वतः दहा पावलं लांब उभा राहतो. ती म्हणते, काका, जवळ या की. तो येत नाही.

संक्रांतीनंतर तृप्तीचा फोन त्याला यायला लागला. दर रविवारी. पाऊसपाणी कसं आहे, आईचे गुडघे कसे आहेत, अंगदची बाग काय म्हणते, एवढं विचारते. शीतलच्या दोन जिवाणूंबद्दल त्याने एकदा सांगायला सुरुवात केली होती. ती थोडा वेळ ऐकत राहिली, मग म्हणाली, "अण्णा, ते तिला करू द्या. माझ्यानं आता ते व्हत न्हाई." त्यानंतर त्याने तो विषय काढला नाही. फोन ठेवल्यावर तो माझ्या दुकानात येतो, बाकड्यावर बसतो, आणि ती काय काय बोलली ते मला पहिल्यापासून सांगतो.